ग्रीन बे : भिडू निवडणारं गाव

दोस्तांनो, जरा ॲटलास काढा बघू. उत्तर अमेरिकेचं पान उघडा. अमेरिका आणि कॅनडा यांच्या सीमेजवळ पाच मोठाली निळी सरोवरं दिसतील. त्यांतलं जे उत्तरेकडून दक्षिणेकडे उभं पसरलंय, ते मिशिगन सरोवर. त्याच्या डाव्या काठाकडे नीट निरखून पाहा. तळहात आणि अंगठा यांच्यामध्ये फट असते ना, तसा पाण्याचा एक अरुंद फाटा तिथे दिसेल. या फाट्याच्या खालच्या टोकाशी फॉक्स नावाची नदी येऊन मिळते आणि तिथेच एक बारकासा ठिपका आहे. त्याचं नाव ग्रीन बे.

मिलवॉकी शहरातून मोटारीने उत्तरेकडे निघालं, की साधारण दोन तासांत आपण इथे पोचतो. वाटेत दुतर्फा गाईंचे गोठे, मक्याची शेतं आणि चीजची दुकानं लागतात. हे विस्कॉन्सिन राज्य दुधातुपाचं. इथल्या मोटारींच्या नंबरप्लेटवरसुद्धा 'अमेरिकेची दुग्धभूमी' अशा अर्थाचे शब्द असतात! गावात शिरलं की नदीकाठी कागदाच्या गिरण्या दिसतात. बाकी गाव साधंच. बैठी घरं, घरापुढे हिरवळ आणि रुंद, शांत रस्ते. लोकवस्ती सुमारे एक लाख सात हजार. २०११ च्या जनगणनेत आपल्या पंढरपूरची लोकसंख्या जवळजवळ एवढीच होती, म्हणजे बघा.

पण या बैठ्या घरांच्या मधोमध एकदम एक अजस्र इमारत उभी राहते. तिचं नाव लॅम्बो फील्ड. हे अमेरिकन फुटबॉलचं स्टेडियम. त्यात एका वेळी ८१ हजारांहून जास्त माणसं बसतात. म्हणजे जवळजवळ अख्खं गाव आत मावेल! सामन्याच्या दिवशी आजूबाजूचे रहिवासी आपल्या घरापुढच्या हिरवळीवर पैसे घेऊन लोकांच्या गाड्या लावू देतात. हे मैदान ज्या संघाचं, तो ग्रीन बे पॅकर्स. पोशाख हिरवा आणि सोनेरी. अमेरिकेतल्या सगळ्या मोठ्या व्यावसायिक संघांमध्ये सर्वांत छोट्या गावाचा संघ हाच. न्यूयॉर्क, शिकागो, लॉस एंजेलिस अशा बलाढ्य शहरांच्या संघांशी तो १९२१ पासून झुंजतोय.

एवढंसं गाव या बड्यांच्या पंगतीत टिकलं कसं? आणि दर वसंतात या गावातले आबालवृद्ध एकाच गोष्टीवर तासन् तास वाद का घालतात? चला, तेच पाहू या.

नारळासारखा चेंडू

आधी एक खुलासा. अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल नव्हे हं! आपल्या फुटबॉलला ते लोक 'सॉकर' म्हणतात. त्यांच्या फुटबॉलचा चेंडू नारळासारखा, दोन्ही टोकांना निमुळता. तो पायापेक्षा हातानेच जास्त खेळला जातो. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा गडी. डोक्यावर शिरस्त्राण, खांद्यावर जाड गाद्या. चेंडू घेऊन समोरच्या टोकाच्या पट्ट्यात शिरलं, की सहा गुण. समोरचे गडी अर्थातच अडवायला, पाडायला टपलेले. थोडा कबड्डीचा आणि थोडा लगोरीचा भास होतो.

दोन जागांची नावं लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडतील. चेंडू हातात घेऊन, कुणाकडे फेकायचा हे क्षणात ठरवणारा तो क्वार्टरबॅक. तो संघाचा मेंदूच. आणि वाऱ्यासारखं धावत जाऊन तो फेकलेला चेंडू अलगद झेलणारा, तो रिसीव्हर.

मांसाचे डबे आणि पाचशे डॉलर

१९१९ साली कर्ली लॅम्बो नावाचा एकवीस वर्षांचा तरुण ग्रीन बेमधल्या एका मांस डबाबंद करणाऱ्या कंपनीत कारकुनी करत होता. त्याला फुटबॉलचं वेड. जॉर्ज कॅल्हून हा गावच्या वर्तमानपत्राचा क्रीडा संपादक त्याचा दोस्त. दोघांनी मिळून ऑगस्ट महिन्यात त्या वर्तमानपत्राच्या कचेरीत पोरं गोळा केली आणि संघ काढला. पोशाखाला पैसे कुठून आणायचे? लॅम्बोच्या कंपनीने पाचशे डॉलर दिले. कंपनीचं काम डबे 'पॅक' करण्याचं, म्हणून संघ झाला 'पॅकर्स'!

कंपनीचं नाव होतं 'इंडियन पॅकिंग कंपनी'. पण हुरळून जाऊ नका. हे 'इंडियन' म्हणजे आपण नव्हे, अमेरिकेतले मूळ रहिवासी.

त्या काळी अशा छोट्या गावांचे कितीतरी संघ होते. पुढे पैसा मोठ्या शहरांकडे वळला. कुणी बंद पडले, कुणी गाव सोडून गेले. डेकेटर गावचा संघ शिकागोला गेला, पोर्ट्समथचा डेट्रॉइटला. ग्रीन बेचाही संघ कर्जात बुडाला. तेव्हा १९२३ साली गावकऱ्यांनी एक युक्ती काढली. त्यांनी पाच-पाच डॉलरचे एक हजार शेअर विकले. दुकानदार, डॉक्टर, कामगार, ज्याला जमेल त्याने घेतले आणि संघ गावाच्या मालकीचा झाला.

तो आजही तसाच आहे. पुढे अडीअडचणीला, स्टेडियम वाढवायला पुन्हा शेअर काढले गेले. अगदी अलीकडे २०२१-२२ मध्येही काढले. आज या संघाचे पाच लाख अडतीस हजारांहून जास्त मालक आहेत! या शेअरवर नफा मिळत नाही. तो बाजारात विकता येत नाही. एका माणसाने ढीगभर शेअर घेऊन संघ बळकावू नये म्हणून त्यावर मर्यादाही आहे. मग मिळतं काय? एक छापील कागद, संचालक निवडायला एक मत आणि दर उन्हाळ्यात लॅम्बो फील्डवर भरणाऱ्या सभेला जाण्याचा हक्क. लोक तो कागद चौकट करून भिंतीवर लावतात.

स्टेडियमची हंगामी तिकिटं तर १९६० पासून संपलेलीच आहेत. प्रतीक्षायादीत १ लाख ४० हजारांहून जास्त नावं. मूल जन्माला आलं, की आईबाप त्याचं नाव यादीत टाकतात आणि त्याचा नंबर लागेपर्यंत त्याला स्वतःला मुलं झालेली असतात!

चला, भिडू वाटून घेऊ या

आता मूळ मुद्दा. मालकी गावाची असली, तरी चांगले खेळाडू मिळणार कसे? मोठ्या शहरातला धनाढ्य मालक जास्त पैसे देऊन सगळे पळवणार नाही का?

अगदी तसंच होत होतं. १९३५ साली फिलाडेल्फियाच्या संघाचे मालक बर्ट बेल वैतागले. त्यांचा संघ सारखा हरायचा आणि हरणाऱ्या संघात यायला कुणी चांगला खेळाडू तयार नसायचा. त्यांनी बाकीच्या मालकांपुढे एक कल्पना मांडली. ती ऐकून तुम्ही म्हणाल, 'हात्तिच्या! हे तर आम्ही रोजच करतो.'

संध्याकाळी मैदानावर जमल्यावर तुम्ही काय करता? दोन कॅप्टन उभे राहतात आणि आळीपाळीने एकेक भिडू मागून घेतात. 'मला संजू.' 'मग मला राजू.' बस्स, हाच तो ड्राफ्ट! फक्त यात एक खुबी आहे. आदल्या हंगामात जो संघ सर्वांत वाईट खेळला, त्याला पहिला भिडू मागायचा मान. जो जिंकला, त्याची पाळी सर्वांत शेवटी.

आयपीएलचा लिलाव तुम्ही टीव्हीवर पाहिला असेल. तिथे बोली लागते, आकडा चढत जातो. इथे बोली नाही. इथे फक्त पाळी असते.

पहिला ड्राफ्ट फेब्रुवारी १९३६ मध्ये फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात झाला. फळ्यावर ९० कॉलेजकुमारांची नावं लिहिली होती. पहिला मान मिळाला जे बर्वँगर या खेळाडूला. आणि गंमत अशी, की तो या लीगमध्ये एकही सामना खेळला नाही! त्याने दुसरी नोकरी पसंत केली. म्हणजे या खेळातला पहिलावहिला अंदाजच चुकला.

आता संघ आहेत ३२ आणि फेऱ्या सात. २०२५ मध्ये एकूण २५७ जण निवडले गेले. पाळीची अदलाबदलही करता येते. 'तुझी विसावी पाळी मला दे, माझ्या पुढच्या दोन तुला घे,' असा सौदा चालतो. शिवाय दूरदर्शनवरच्या सामन्यांतून मिळणारा पैसा सगळ्या संघांत सारखा वाटला जातो. या दोन नियमांमुळेच ग्रीन बेसारखं गाव न्यूयॉर्कच्या बरोबरीने पाटावर बसू शकतं. मागे पडलेल्याला पुढची पाळी मिळाली नसती, तर हे गाव कधीच नकाशावरून पुसलं गेलं असतं. निदान फुटबॉलच्या नकाशावरून तरी.

लुटुपुटूची निवड

ड्राफ्ट असतो एप्रिलच्या अखेरीस. पण ग्रीन बेमध्ये त्याची चर्चा जानेवारीतच सुरू होते. हंगाम संपलेला. बाहेर गुडघाभर बर्फ. नदी गोठलेली. मग करायचं काय? अंदाज बांधायचे!

शुक्रवारी रात्री हॉटेलात जाऊन तळलेले मासे खायचे, ही विस्कॉन्सिनमधली जुनी रीत. त्या टेबलांवर, केशकर्तनालयात, शाळेच्या बसमध्ये, कागदाच्या गिरणीत मधल्या सुट्टीत, सगळीकडे एकच विषय. कोण घ्यावा? वर्तमानपत्रांत, रेडिओवर, टीव्हीवर जाणकार मंडळी 'मॉक ड्राफ्ट' मांडतात. मॉक ड्राफ्ट म्हणजे लुटुपुटूची निवड. पहिला संघ अमुक घेईल, मग दुसरा तमुक घेईल, अशी ३२ नावांची यादी. घराघरांत बाबा एक यादी करतात, आजोबा दुसरी, पोरं तिसरी. आणि प्रत्येकाला आपलीच खरी वाटते.

'आपल्याला रिसीव्हरच हवा,' एक म्हणतो.

'छे! आधी बचाव भक्कम करा. मग झेलायचं बघू,' दुसरा म्हणतो.

'पण तो आपल्या पाळीपर्यंत उरेल का?' तिसऱ्याची शंका.

खरी मेख इथेच आहे. तुमची पाळी तेविसावी असेल, तर आधीचे बावीस जण काय करतील याचाही अंदाज बांधावा लागतो. बुद्धिबळात समोरच्याची चाल ओळखतात ना, तसंच. फक्त इथे समोरचे बावीस!

एवढं डोकं चालवूनही निवड मात्र गावकऱ्यांच्या हातात नसते, बरं का. मालक असूनसुद्धा! ते काम संघाच्या जनरल मॅनेजरचं. २०१८ पासून ती जबाबदारी आली ब्रायन गुटेकुन्स्ट यांच्याकडे. ते मनातलं कुणाला सांगत नाहीत. त्यामुळे पाच लाख मालक अंदाज बांधतात आणि एक माणूस निवडतो. मग पुढची कित्येक वर्षं त्या निवडीवर वाद चालतो.

उदाहरण घ्या. २००२ साली पॅकर्सनी पहिल्या फेरीत जेव्हॉन वॉकर हा रिसीव्हर घेतला होता. त्यानंतर दर वर्षी लोक म्हणायचे, यंदा पहिल्या फेरीत रिसीव्हर घेणार. आणि दर वर्षी संघ दुसराच कुणी घ्यायचा. २०२० मध्ये तर कहर झाला. संघात ॲरन रॉजर्ससारखा नामांकित क्वार्टरबॅक होता. त्याच्या जोडीला एक चांगला रिसीव्हर मिळाला की झालं, असं सगळे म्हणत होते. पॅकर्सनी पाळीचा सौदा करून तिसाव्या नंबरवरून सव्विसाव्यावर उडी मारली. लोकांनी श्वास रोखले. आणि नाव पुकारलं गेलं जॉर्डन लव्हचं. म्हणजे आणखी एक क्वार्टरबॅक! लोक चिडले, हिरमुसले. पण २०२३ मध्ये रॉजर्स न्यूयॉर्कच्या संघात गेला, तेव्हा तीन वर्षं बाकावर बसून शिकलेला हाच लव्ह पुढे आला आणि पहिल्याच वर्षी त्याने संघाला बाद फेरीत नेलं.

रॉजर्सची स्वतःची गोष्टही तशीच. २००५ मध्ये तो अगदी पहिल्या नंबरवर जाईल असं पुष्कळांना वाटत होतं. तो न्यूयॉर्कला नटूनथटून पाहुण्यांच्या खोलीत बसला होता. एकेक नाव पुकारलं जात होतं. शेजारची टेबलं रिकामी होत होती. तो आपला बसलेला. कॅमेरे त्याच्या चेहऱ्यावर रोखलेले. चार तासांहून अधिक वेळ गेला आणि चोविसाव्या नंबरवर पॅकर्सनी त्याचं नाव घेतलं. पुढे तोच चार वेळा लीगमधला सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि फेब्रुवारी २०११ मध्ये त्याने ग्रीन बेला अजिंक्यपद मिळवून दिलं.

दुसरा नंबर आणि दोनशेवा नंबर

आता दोन खेळाडूंची गोष्ट ऐका. ग्रीन बेमध्ये ड्राफ्टचा विषय निघाला, की ही दोन नावं कुणी ना कुणी काढतंच.

पहिलं नाव टोनी मँडरिच. १९८९ चा ड्राफ्ट. पॅकर्सची पाळी दुसरी! इतकी वरची पाळी क्वचितच मिळते. मँडरिच म्हणजे डोंगराएवढा गडी. त्याच्या जागेवर असा खेळाडू कधी झालाच नाही, असं जाणकार सांगत होते. मासिकांच्या मुखपृष्ठावर त्याचे फोटो. पॅकर्सनी त्याला घेतलं. पण काही जमलंच नाही. काही वर्षांतच त्याला ग्रीन बे सोडावं लागलं. आणि त्या वर्षी त्याच्या मागेपुढे निवडले गेलेले कोण होते? पहिला ट्रॉय एकमन, तिसरा बॅरी सँडर्स, चौथा डेरिक थॉमस, पाचवा डीऑन सँडर्स. हे चौघेही पुढे या खेळाच्या सन्मानदालनात गेले. पहिल्या पाचांतला एकटा मँडरिच तेवढा राहिला.

दुसरं नाव बार्ट स्टार. १९५६ चा ड्राफ्ट. तेव्हा तीस फेऱ्या असायच्या. स्टार अलाबामाच्या कॉलेजात शिकत होता. पाठीच्या दुखापतीमुळे शेवटची दोन वर्षं फारसा खेळलाच नव्हता. एकेक फेरी संपत गेली. सतराव्या फेरीत, दोनशेव्या नंबरवर पॅकर्सनी त्याला घेतलं. आपल्या भाषेत सांगायचं तर कच्चा लिंबूच! घेतला तर घेतला, नाही तर नाही.

स्टारने काय केलं असेल? त्या उन्हाळ्यात तो सासुरवाडीला राहिला. घरामागच्या अंगणात एक टायर लावला आणि त्यातून चेंडू आरपार फेकण्याचा सराव करत राहिला. ग्रीन बेला आल्यावरही पहिली काही वर्षं त्याची जागा पक्की नव्हती. १९५९ मध्ये व्हिन्स लोंबार्डी हे कडक शिस्तीचे प्रशिक्षक आले. त्यांनी या शांत मुलाला पारखलं. त्यानंतर १९६१ ते १९६७ या सात वर्षांत पॅकर्सनी पाच वेळा अजिंक्यपद मिळवलं. पाचही वेळा क्वार्टरबॅक होता बार्ट स्टार.

त्यांतला एक सामना तर दंतकथाच झालाय. ३१ डिसेंबर १९६७, याच लॅम्बो फील्डवर. तापमान उणे २५ अंश सेल्सिअस! पंचांच्या धातूच्या शिट्ट्या ओठांना चिकटू लागल्या. मैदान काचेसारखं निसरडं. समोर डॅलसचा संघ. शेवटची सोळा सेकंदं उरलेली आणि पॅकर्स तीन गुणांनी मागे. स्टारने चेंडू कुणाकडे फेकला नाही, कुणाच्या हातात दिला नाही. तो स्वतःच चेंडू पोटाशी धरून गड्यांच्या गर्दीत घुसला आणि पट्ट्यात जाऊन पडला. पॅकर्स जिंकले, २१-१७. लोंबार्डींच्या नावाचा रस्ता आज या स्टेडियमसमोरून जातो. लीगच्या विजेत्याला मिळणारी ढालही त्यांच्याच नावाची आहे. आणि दोनशेव्या नंबरच्या त्या मुलाचा १५ नंबरचा सदरा पॅकर्सनी पुन्हा कुणालाच दिला नाही.

दुसरा नंबर आणि दोनशेवा नंबर! परीक्षेतले नंबर वर्षभर केलेल्या अभ्यासाचे असतात. हे नंबर मात्र पुढे काय होईल याच्या अंदाजाचे. म्हणूनच ग्रीन बेमधली जुनी मंडळी पहिल्या फेरीनंतर टीव्ही बंद करत नाहीत. सातव्या फेरीपर्यंत बसून राहतात. न जाणो, एखादा स्टार तिथेच दडलेला असायचा!

लाखोंची जत्रा

पूर्वी ड्राफ्ट अनेक वर्षं न्यूयॉर्कलाच व्हायचा. आता तो दर वर्षी नव्या शहरात होतो. आणि २०२५ मध्ये मान मिळाला चक्क ग्रीन बेला! तारखा होत्या २४ ते २६ एप्रिल. स्टेडियमच्या बाहेरच्या आवारात भलामोठा मंच उभारला. तीन दिवसांत मिळून सहा लाखांची गर्दी मोजली गेली. पहिल्याच दिवशी दोन लाखांहून जास्त. एक लाखाच्या गावात! आषाढीला पंढरपूर कसं फुलून जातं, ते डोळ्यांसमोर आणा.

बत्तीसही संघांचे चाहते आपापल्या रंगांचे सदरे घालून आले होते. पण जिकडेतिकडे उठून दिसत होत्या त्या पिवळ्याधमक टोप्या. चीजच्या त्रिकोणी तुकड्यासारख्या, भोकं पाडलेल्या. शेजारच्या इलिनॉय राज्यातले लोक विस्कॉन्सिनवाल्यांना 'चीजहेड' म्हणून चिडवायचे. १९८७ मध्ये राल्फ ब्रुनो या तरुणाने आईच्या जुन्या कोचातला फोम कापून खरोखरच चीजची टोपी केली आणि मिलवॉकीत बेसबॉलच्या सामन्याला घालून गेला. 'हो, आहोत आम्ही चीजहेड!' तेव्हापासून टिंगलीची टोपी मानाची झाली.

पहिल्या रात्री पॅकर्सची पाळी होती तेविसावी. प्रत्येक संघाला विचार करायला दहा मिनिटं. पहिला नंबर कॅम वॉर्डचा, तो टेनेसीच्या संघाने घेतला. मग दुसरा, तिसरा... रात्र चढत गेली. थंडी वाढली. गर्दी हलली नाही. पुन्हा तोच प्रश्न होता. तेवीस वर्षं झाली, आता तरी रिसीव्हर घेणार का?

संघाचे अध्यक्ष मार्क मर्फी मंचावर आले. त्यांनी नाव वाचलं. मॅथ्यू गोल्डन, टेक्सस विद्यापीठ. खेळण्याची जागा रिसीव्हर!

एकच गलका झाला. चीजच्या टोप्या हवेत हलू लागल्या. अनोळखी माणसं एकमेकांना मिठ्या मारू लागली. हा गोल्डन ४० यार्ड, म्हणजे साडेछत्तीस मीटर, ४.२९ सेकंदांत धावलेला. त्या वर्षीच्या चाचणीत सगळ्या रिसीव्हरांमध्ये सर्वांत चपळ. ज्यांनी तेवीस वर्षं एकच अंदाज बांधला, त्यांचा अंदाज शेवटी खरा झाला!

पण जाणकारांची त्याच ड्राफ्टमध्ये फजितीही झाली. शडूर सँडर्स या क्वार्टरबॅकला पहिल्याच फेरीत उचलणार, असं कितीतरी यादींमध्ये होतं. पहिली फेरी गेली, दुसरी गेली, तिसरी, चौथी गेली. शेवटी पाचव्या फेरीत, १४४ व्या नंबरवर क्लीव्हलंडच्या संघाने त्याला घेतलं. हा शडूर म्हणजे १९८९ मधल्या पाचव्या नंबरच्या डीऑन सँडर्सचा मुलगा. वडील पाचवे, मुलगा एकशे चव्वेचाळिसावा. पण आता तुम्हीच सांगा, एवढ्यावरून काही ठरतं का?

ऑगस्ट २०२५ मध्ये पॅकर्सनी आणखी एक मोठा सौदा केला. मायका पार्सन्स हा बचावातला जबरदस्त गडी डॅलसकडून घेतला आणि त्याच्या बदल्यात एक खेळाडू दिलाच, शिवाय २०२६ आणि २०२७ या दोन्ही वर्षांच्या पहिल्या फेरीतली पाळी देऊन टाकली. म्हणजे आता लोकांनी गप्प बसावं की नाही? छे! पहिली फेरी नसली तर नसली, दुसऱ्या फेरीत कोण घ्यावा याच्यावर वाद सुरू झाले. दोनशेव्या नंबरवर राजा मिळालेल्या गावाला पाळी मागे गेल्याची कसली फिकीर!

सायकल घेता का, सायकल?

ग्रीन बेला जायचं असेल, तर जुलैच्या अखेरीस जा. तेव्हा संघाचा सराव सुरू होतो. आणि तेव्हा इथे अशी एक निवड होते, जिच्यात तुमच्या वयाची पोरंसुद्धा असतात.

सकाळी स्टेडियमच्या दाराबाहेर मुलामुलींची रांग लागते. प्रत्येकाजवळ आपली सायकल. कुणाची लाल, कुणाची गुलाबी, कुणाच्या हँडलला झिरमिळ्या. सरावाचं मैदान रस्त्यापलीकडे आहे. खेळाडू बाहेर येतात, एकेका मुलाची सायकल मागून घेतात आणि तिच्यावर बसून मैदानाकडे निघतात. मूल शेजारून धावत असतं, हातात त्या खेळाडूचं शिरस्त्राण घेऊन. शंभर-सव्वाशे किलोचा धिप्पाड गडी, एवढीशी सायकल आणि गुडघे कानापर्यंत! पाहणारे हसून बेजार होतात. ही प्रथा लोंबार्डींच्या काळापासूनची, म्हणजे साठ वर्षांहून जुनी. काही खेळाडू पुन्हा पुन्हा त्याच मुलाची सायकल घेतात. त्यांची दोस्ती जमते.

एप्रिलमध्ये सगळं गाव खेळाडूंची निवड करत असतं. 'हा घ्या, तो घ्या.' जुलैत मात्र उलटं होतं. गावची पोरं सायकल धरून उभी असतात आणि खेळाडू त्यांच्यातलं कुणीतरी निवडतो. प्रत्येकाच्या मनात धाकधूक. 'आपली सायकल घेईल ना? की दुसऱ्याची?' मोठे नामांकित खेळाडू येतात तेव्हा रांगेत एकच कोलाहल होतो. मग त्यांच्या मागून सातव्या फेरीत घेतलेला, नाव कुणाला फारसं ठाऊक नसलेला एखादा नवखा पोरगा बाहेर येतो. थोडा बावरलेला. इकडेतिकडे बघणारा.

रांगेच्या टोकाला एक लहान मूल अजून सायकल धरून उभं असतं. तो त्याच्याकडे जातो आणि विचारतो, 'तुझी सायकल देतोस का?'

मग, दोस्तांनो, तुमचा अंदाज काय? मुलाने दिली असेल की नाही?